जटायूचे मिटणारे-उघडणारे पंख (१० फूट) घरीच करायचे आहेत. सांगाडा, पिसं, पट्टे कसे करावे?

चुलबंद_काठ

नमस्कार मंडळी. लाखांदूर तालुक्यातून लिहितो आहे. मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) नाटकात जटायूचा प्रवेश आहे. तोच वेश नंतर नागपूरला कॉलेजच्या कॉस्प्ले (पात्राचा वेश घालून उतरायच्या) स्पर्धेत न्यायचा आहे. घालणारा मामेभाऊ, उंची ५ फूट ७ इंच, अंगाने सडपातळ. पंख उघडल्यावर टोकापासून टोकापर्यंत १० फूट हवेत आणि दोरी ओढली की पाठीशी मिटले पाहिजेत. मोटर-बिटर काही नको.

हाताशी आहे ते असं: दोन हिरवे बांबू (मागच्या आठवड्यात तोडलेले), थर्माकोलच्या शीट, पांढरा फेविकॉल, ग्लू गन, ड्रिल मशीन. गावात शिलाई मशीन आणि वेल्डिंगचं दुकान आहे. बजेट साडेतीन हजार. दिवाळीला दोन महिने आहेत.

विचारायचं हे की सांगाडा बांबूचा करावा, पीव्हीसी पाइपचा की ॲल्युमिनियमचा? कोपरातून पंख मिटतो कसा? पिसं कशाची करावी? आणि एवढं वजन पाठीवर अडकवायचं कसं?

पाना_पेचकस

चुलबंदभाऊ, पीव्हीसी पहिले बाजूला ठेवा. अर्ध्या इंची पाइप मीटरभर आडवा धरून टोकाला पाव किलो लावा, लगेच लवतो, आणि उन्हात राहिला तर तसाच वाकडा बसतो. उघडमिट करायची म्हणजे सगळा हिशोब वजनाचा आहे. पाठीवर बांधायचा पाट (फळी), पट्टे, दोन्ही पंख मिळून साडेतीन किलोच्या वर जाऊ देऊ नका. एक पंख ९०० ग्रॅमपर्यंत बसला की गणित जमतं.

आता कोपराचं. एका पंखाला दोनच हाडं ठेवा: दंड आणि हात. पंजाचं तिसरं हाड वेगळं करू नका. हाताच्या टोकाला लांब पिसं लागली की तेवढं पुरते. दंड सरळ वर उभा आणि हात त्याच्या बाजूने खाली लोंबलेला, हा मिटलेला पंख. दंड आडव्यापेक्षा २० अंश वर आणि हात पूर्ण आडवा, हा उघडलेला. दंड खाली येताना हाताला आपोआप वर उचलायचं काम एक तिसरी पट्टी करते, तिला ताणपट्टी म्हणू.

मापं अशी घ्या. पाठीच्या पाटावर खांद्याचा बोल्ट अ. दंडावर अ ते कोपराचा बोल्ट ब हे अंतर ४० सेंमी. हाताची लांबी ब च्या पुढे ६० सेंमी आणि ब च्या मागे ७ सेंमी शेपूट, त्या शेपटाच्या टोकाला बोल्ट क. पाटावर चौथा बोल्ट ड, तो अ पासून ८ सेंमी आत (मणक्याकडे) आणि ९ सेंमी वर. ड ते क ही ताणपट्टी, भोकाच्या मधापासून मधापर्यंत ३८.८ सेंमी. हे सगळं पहिले पुठ्ठ्यावर कापून, टाचण्या लावून फिरवून बघा, मगच धातूला हात लावा.

३८.८ म्हणजे ३८.८ च. क आणि ब मधलं अंतर छोटं आहे, त्यामुळे ताणपट्टी २ मिमी जरी लांब झाली तरी हात १०-११ अंशाने पडतो, आणि पिसाच्या टोकाशी तो फरक वीतभर दिसतो. भोक ढिलं असेल तर हाच प्रकार. ६ एमएमच्या बोल्टला ६ चंच ड्रिल, आणि दोन्ही पंखांच्या ताणपट्ट्या एकावर एक शिकंज्यात धरून एकदमच भोकं पाडा. नाही तर एक पंख वर आणि एक खाली, लंगड्या कावळ्यासारखा.

थर कसे लावायचे तेही बघा. पाटाला लागून दंड, त्याच्यावर हात, आणि हाताच्याही बाहेर ताणपट्टी. ताणपट्टी दंडाच्याच थरात ठेवली तर दोन्ही टोकांना ती कोपरावर घासते. क च्या बोल्टवर चार वायसर घालून ती उचलून घ्या, म्हणजे ब च्या बोल्टच्या डोक्यावरून मोकळी निघते. ड चा बोल्ट लांब घ्या आणि मधात पाइपाचा तुकडा भरा. सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असते तो). साधा नट कितीही आवळला तरी उघडमिट झाली की ढिला पडतो. नायलॉक पूर्ण आवळायचा नसतो, सांधा हलला पाहिजे पण डुलला नाही पाहिजे.

पाट ९ मिमी प्लायचा, ३० सेंमी रुंद, ३५ सेंमी उंच. दोन अ बोल्टमधलं अंतर २४ सेंमी, वरच्या कडेपासून १२ सेंमी खाली.

उघडल्यावर पंख कशावर थांबणार, हे बहुतेक लोक विसरतात आणि सगळा भार ताणपट्टीवर सोडतात. मग चौथ्या-पाचव्यांदा उघडताना क चं भोक फाटतं. त्यासाठी २५ × २५ × ३ मिमीचा ॲल्युमिनियम अँगल ४४ सेंमी लांब, पाटाच्या अंगाकडच्या बाजूने आडवा बसवा. त्याच्या दोन्ही टोकांना ८ एमएमचा बोल्ट मागे निघालेला ठेवा आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. दंड त्या बोल्टवर येऊन टेकतो. हा टेकू अ पासून १० सेंमीवर आला की साधारण ५ किलोचा भार घेतो. तोच ४ सेंमीवर घेतला तर १२ किलोच्या आसपास जातो आणि प्लाय चुरते. दुसरा टेकू कोपरात: हातावर लाकडाचा छोटा गुटखा (ठोकळा) असा ठोका की हात आडवा झाला की तो दंडाला अडेल.

दोरी मिटवण्यासाठी लागते, उघडण्यासाठी नाही. उघडायचं काम वजनच करतं. दंडावर अ पासून १२ सेंमीवर ३ मिमीची नायलॉन दोरी बांधा, पाटाच्या वरच्या कडेजवळच्या कडीतून खाली कमरेपर्यंत आणा. दोन्ही पंखांच्या दोऱ्या एकाच मुठीला बांधा. दोन्हीचा मिळून ओढा १० किलोच्या वर भरतो, म्हणून दंड आणि पाटाची वरची कड यांच्यात सायकल ट्यूबची ३ सेंमी रुंद पट्टी ताणून लावा, अर्धा भार ती उचलते. मिटल्यावर मूठ पट्ट्याच्या आकड्यात अडकवायची. उघडताना दोरी सैल सोडत जायची. एकदम सोडली की दंड टेकूवर आपटतो.

दंड, हात, ताणपट्टी तिन्ही ॲल्युमिनियम पट्टीच्या करा, २० × ३ मिमी. मीटरला १६० ग्रॅमच्या आसपास वजन आहे.

कमची

पानादादांचा सांधा बरोबर आहे, त्यात काही म्हणणं नाही. पण हाताला नुसती २० × ३ ची पट्टी नको बाप्पा. उभ्या अंगाने ती ताठ असते, मागे-पुढे मात्र पातळ आहे ना. चालताना पंख फडफडतो, आणि मंडपात वारा शिरला की टोक पाठीमागे वळून जातं. ताणपट्टीला चालेल, तिला फक्त ओढ सहन करायची आहे.

हात बांबूचा घ्या. मानवेल जातीच्या बांबूची २० मिमी रुंद, १० मिमी जाड कमची (चिरून काढलेली पट्टी). मानवेल जवळपास भरीव असतो म्हणून एवढी जाड कमची निघते. कटंगातून (काटेरी बांबूतून) काढायची तर बुडखाचा भाग बघावा लागतो आणि काटे साफ करण्यात वेळ जातो. अशी कमची मीटरला १४० ग्रॅमच्या आत बसते आणि दोन्ही अंगांनी ताठ राहते. दंडालाही तीच, फक्त दंड छोटा आहे म्हणून तिथे पानादादांची पट्टी आणि तिच्या पाठीला अर्ध्या जाडीची कमची बांधली तरी काम होते.

बांबूला बोल्ट थेट मारू नका. ड्रिल फिरलं की रेषेत चीर जाते, आज दिसत नाही, उद्या दिसते. जिथे सांधा येतो तिथे १२ सेंमी लांब ॲल्युमिनियम पट्टी दोन्ही बाजूंनी लावा. मध्ये कमची, वरून मेणदोऱ्याने घट्ट वेढे द्या, मग तिन्हीतून भोक पाडा. वेढे आधी, भोक नंतर. जमलं तर सांधा गाठीजवळ घ्या, पेराच्या मधात नको.

तुमच्याजवळचे दोन हिरवे बांबू या कामात घेऊ नका. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत रस भरपूर असतो, त्याला भुंगा लवकर लागतो, महिन्या-दोन महिन्यांत खाली पिठासारखी भुकटी दिसते. शिवाय हिरवी कमची वाळताना आकसते आणि बांधलेले सगळे वेढे ढिले पडतात. बुरुडाकडे मागच्या हिवाळ्यातला वाळलेला, तीन वर्षांचा पक्का बांबू मिळेल, एकच पुरे. त्याच्या कमच्या काढून झाल्यावर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड घोळून त्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्या की पिळ पडतो. घोळ जनावरांच्या टाक्याजवळ सांडू नका.

हाताला थोडी कमान दिली तर पंख पक्ष्यासारखा दिसतो, नाही तर दरवाज्यासारखा. कमची चुलीच्या निखाऱ्यावर (ज्वाळेवर नाही) फिरवत शेका, तेल सुटल्यासारखी चमक आली की वाकवा आणि थंड होईपर्यंत दोन खुंट्यांत धरून ठेवा. हिरवी पाठ (सालीची बाजू) नेहमी कमानीच्या बाहेरच्या अंगाला. पोट बाहेर घेतलं तर धसकटं उभी राहतात. ६० सेंमीला ४ सेंमीची कमान पुरे. जास्त वाकवली तर ब आणि क ची रेष बदलते आणि पानादादांचं गणित बिघडते.

चुलबंद_काठ

वा, हे तं लयच बारीक सांगितलं. बुरूड आमच्या इथे आहेत, बांबूचं होऊन जाईल. थर्माकोलची पिसं केली तर हलकी होतील ना? कोंबड्यांची खरी पिसं पण भेटतात, पोल्ट्रीतून. एकाने शेतात पडलेली गिधाडाची पिसं देतो म्हटलं.

टाके_उसवण

गिधाडाचं पीस घेऊच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते जवळ ठेवणंही गुन्हा आहे, पडलेलं सापडलं हे कारण चालत नाही. घार, घुबड यांचंही तेच. कोंबडीची पिसं चालतात, पण ती वीतभरही नसतात, म्हणजे फक्त खांद्याजवळच्या बारीक ओळीला आणि मानेला. कपड्याच्या साबणात दोनदा धुवा, जाळीत वाळवा, आणि ओली असताना रंग देऊ नका.

थर्माकोलची पिसं पहिल्याच उघडमिटीत तुटतील. त्यावर फेविकॉल एसआर (पांढरा नाही, रबरी गोंद) किंवा स्प्रेचा रंग पडला तर विरघळून भोकं पडतात, ते वेगळंच. पिसाला ईव्हीए फोम घ्या. मोठी शीट गावात मिळणार नाही, पण ४ मिमीची योगा मॅट हाच फोम असतो. रुंदी २ फूट, लांबी ६ फूट. घेताना वजन करून बघा. ईव्हीएची मॅट अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरते. किलोच्या वर गेली तर ती पीव्हीसीची आहे, परत ठेवा. नागपूरला इतवारी-गांधीबागेकडे फेरी होणार असेल तर मॅट आणि सॅटिन कापड एकाच खेपेत उरकेल.

एका पंखाला मोठी पिसं २२: टोकाकडे ९ लांब, मधात ८ मध्यम, दंडावर ५ आखूड. सगळ्यात बाहेरचं ४५ सेंमी, पुढची दोन ५० आणि ५५, मग उतरत जाऊन कोपराशी ४०. रुंदी ९. मॅटच्या रुंदीत ५५ चं पीस उभं बसतं, म्हणून एका मॅटमध्ये २० निघतात, तीन मॅटमध्ये ४४ निघून उरतात. उरलेल्या तुकड्यांतून १५ सेंमीची आणि ८ सेंमीची बारीक पिसं काढा. ती दोन्ही बाजूंना लागतात, कारण प्रेक्षकाला समोरून पंखाची खालची बाजू दिसते आणि पात्र वळलं की वरची. बारीक पिसांना आणखी एक मॅट धरून ठेवा.

पीस सरळ बदामाच्या पानासारखं कापू नका. मधली काडी एका बाजूला सरकलेली असते: बाहेरची बाजू ३ सेंमी, आतली ६. कडेला काडीपासून टोकाकडे तिरप्या चार-पाच चिरा द्या, कुठे बंद, कुठे थोड्या उघड्या. ब्लेड दर सात-आठ पिसांनी मोडून नवं टोक काढा. बोथट ब्लेडने फोम कापला जात नाही, ओढला जातो, आणि कड दातरी दिसते.

काडी म्हणजे बांबूचीच, ३ मिमी जाड, टोकाकडे निमुळती, पिसाच्या टोकाच्या ८ सेंमी आधी संपणारी. टोक मोकळं राहिलं की ते हलतं, छान दिसतं. चिकटवायला फेविकॉल एसआर: काडीला आणि फोमला दोन्हीकडे लावा, दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ओलं असताना दाबलं तर सरकतं आणि कधीच धरत नाही. हे काम पडवीत करा, बंद खोलीत वास डोक्यात जातो.

रंगाआधी फोमची छिद्रं बुजवावी लागतात, नाही तर रंग पितच राहतो. हीट गन असेल तर हातभर अंतरावरून फिरवा, पृष्ठभाग किंचित चमकला की पुढे. नसेल तर बटर पेपर ठेवून कोमट इस्त्री. मग अर्धा फेविकॉल अर्धं पाणी असे दोन हात, त्यावर ॲक्रिलिक किंवा कापडाचा रंग. दरवाज्याचा ऑइल पेंट देऊ नका, फोम वाकला की त्याला तडे जातात. रंगसंगती: टोकाची पिसं काळपट तपकिरी, वरच्या ओळी फिक्या मातकट. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात नुसता तपकिरी रंग म्हणजे एक काळा गोळा दिसतो. म्हणून प्रत्येक पिसाच्या कडेला जवळजवळ कोरड्या ब्रशने बदामी रंगाचा हात मारा.

आता जे खरं फसतं ते सांगते. पिसं हाताच्या दांडीला पक्की चिकटवली की पंख उघडा असताना सुंदर दिसतो, आणि मिटताना हात खाली फिरला की सगळी पिसं मणक्याकडे आडवी येतात, दुसऱ्या पंखाच्या पिसांत घुसतात आणि अडकून बसतात. म्हणून प्रत्येक पीस एकाच बिंदूवर टांगायचं. कमचीला २.५ मिमीचं भोक, पिसाच्या देठाला भोक (देठ निवारीच्या तुकड्याने दोन्हीकडून जाड करून), आणि त्यातून मेणदोऱ्याचे दोन फेरे. बाहेरच्या बाजूला शर्टाचं बटण घ्या, नाही तर दोरा फोम कापतो. पीस आता लोलकासारखं मोकळं हललं पाहिजे. भोकांतलं अंतर टोकाकडे ३ सेंमी, पुढे ४.

फक्त सगळ्यात बाहेरचं पीस पक्कं बांधा, हाताच्याच रेषेत, बाहेर रोखलेलं. त्याची काडी ३ मिमीची नको, ८ मिमीची घ्या आणि २० सेंमी आतपर्यंत दांडीवर नेऊन वेढे द्या. मग सगळ्या पिसांना देठापासून एक-तृतीयांश अंतरावर पातळ दोरीने एकमेकांशी जोडा: मधल्या पिसांत ५ सेंमी, टोकाकडे वाढवत ७-८ सेंमी. पंख उघडला की बाहेरचं पीस आडवं होतं, दोरीने शेजारच्याला ओढतं, ते पुढच्याला, आणि पंखा आपोआप पसरतो. मिटला की सगळी वजनाने खाली लोंबतात आणि एकावर एक बसतात. एकावर एक कसं ठेवायचं तर टोकाकडून सुरुवात करा आणि पाठीमागून बघताना आतलं पीस बाहेरच्याच्या वर येऊ द्या. पक्ष्यांत तसंच असतं आणि मिटतानाही तीच रीत अडकत नाही. उलट लावलं तर मधातच आडकाठी होते.

बारीक पिसं दांडीला नाहीत, कापडावर. पंखाच्या वरच्या भागाच्या आकाराचा सुती कापडाचा झोळ शिवा, कोपराशी चार बोटांची चुणी सोडा, त्यावर खालच्या ओळीपासून वर पिसं लावत जा. चुणी नसेल तर उघडताना कापड ताणतं आणि हात पूर्ण आडवा होतच नाही. मग लोक बोल्टला दोष देतात. दंडाची पाच आखूड पिसंही याच कापडावर.

पट्ट्यांचं. दोन खांद्याचे, एक छातीचा, एक कमरेचा. नुसत्या खांद्यांच्या पट्ट्यांवर पाट वरून मागे ओढला जातो आणि पात्र पोक काढून उभं राहतं. कमरेचा पट्टा पाटाच्या खालच्या कडेला दोन जागी शिवून-बोल्ट करून पक्का करा, भार कंबरेवर उतरला पाहिजे. पट्टा ४ सेंमी रुंद निवारीचा. फवारणी पंपाचे पट्टे याच मापाचे आणि बकलासकट मिळतात, कृषी केंद्रातून नवे घ्या. घरचे वापरलेले पट्टे घेऊ नका. त्यांत औषध मुरलेलं असतं, घामाने ते अंगात जातं, धुऊनही पूर्ण निघत नाही. पाटाच्या अंगाकडच्या बाजूला मॅटचे दोन थर लावा, पण मणक्याच्या रेषेत तीन बोटं जागा रिकामी ठेवा. अँगलच्या टोकांना पण तोच फोम गुंडाळा.

वरून घालायचा अंगरखा मागून पूर्ण उघडा शिवून घ्या, पाट बांधून झाल्यावर वेल्क्रोने मिटवा. पंखांसाठी नुसतं काज ठेवलं तर पंख काढून परत जोडावे लागतात, आणि नाटकाच्या रात्री तेवढा वेळ कोणाकडे नसतो.

पडद्यामागे

ताईंनी सगळं सांगितलं, मी फक्त मंडपातलं बोलतो.

मंडईच्या दिवसांत रात्री दव पडतं. पांढऱ्या फेविकॉलचे जोड दवात मऊ पडतात, म्हणून तो फक्त रंगाखालच्या लेपाला, जोडाला नाही. ग्लू गन तात्पुरतं धरायला ठीक आहे. दुपारी टिनाच्या छपराखाली किंवा उभ्या गाडीत वेश ठेवला की तो गोंद सुटतो. ईव्हीए फोमही तिथे आकसतो, पिसांच्या कडा वळतात. रात्री प्रयोग झाला की पंख जमिनीवर टाकू नका, पाटाला दोरी बांधून आढ्याला टांगा. चोचीच्या मुखवट्याला कणकेची खळ वापरली असेल तर तो डब्यात ठेवा. धानाच्या घरात उंदीर त्याला सोडत नाहीत.

विंगांमधली फट आपल्या रंगमंचांवर चार फुटांच्या आसपास असते. प्रवेश मिटलेल्या पंखांनीच करा, मधोमध येऊन उघडा. रावणाचं पात्र डावीकडे असेल तर त्या अंगाला पाच फूट जागा मोकळी आहे का ते तालमीत खडूने आखून ठेवा. पंख छाटण्याचा प्रसंग असेल तर तलवारीवाल्याला सांगून ठेवा की वार हवेत. पंख तुटलेला दाखवायचा तर ताणपट्टीचा क बोल्ट त्या बाजूला विंग नटचा (पान्याशिवाय हाताने फिरतो तो) ठेवा. आत जाऊन नट काढला की हात लोंबकळतो आणि पुन्हा प्रवेशाला जखमी पंख तयार. हा नट फक्त त्याच प्रवेशाआधी लावा, एरवी नायलॉक.

आग. ईव्हीए पेट घेतो आणि वितळून थेंब पडतात, अंगावर पडले की चिकटून भाजतात. पंख अंगावर असताना आरतीचं ताट, मशाल, अनार दहा फूट दूर. एक माणूस कायम पाण्याची बादली आणि ओलं पोतं घेऊन विंगेत पाहिजे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर झाकीत उभं करणार असाल तर ट्रॉलीची उंची, माणूस आणि वर उभे मिटलेले पंख मिळून ११-१२ फूट होतात, त्यात धातूच्या पट्ट्या आहेत. गावातल्या विजेच्या लोंबत्या तारा बघून ठेवा, नाही तर बसवूनच न्या.

चुलबंद_काठ

पुठ्ठ्याचा सांगाडा करून बघितला, मिटतो-उघडतो मस्त. खऱ्या कमचीवर एकच पंख जोडला, पिसं अजून तीच फोमची, रंग नाही. उघडल्यावर टोकाचं पीस आडवं राहत नाही, ३० अंशाच्या आसपास खाली झुकते. कोपराचा गुटखा दंडाला नीट अडतो आहे. आणि एसटीने नागपूरला नेताना काय करावं?

पाना_पेचकस

गुटखा नीट अडत असेल तर सांध्यात दोष नाही. दोन ठिकाणी बघा. कोपराजवळ हाताच्या दांडीला धरून टोक वर दाबा. दांडी न हलता फक्त पीस वर येत असेल तर पिसाची काडी कमी पडते आहे. दांडीसकट हलत असेल तर कोपरातल्या बोल्टच्या भोवतालची कमची चुरली आहे, पट्टीचं सँडविच उघडून बघा.

टाके_उसवण

माझा अंदाज पिसांमधल्या दोरीवर आहे. टोकाकडे ७-८ सेंमी सांगितलं होतं. तिथेही ५ च ठेवली असेल तर बाकीच्या सगळ्या पिसांचा भार एकट्या बाहेरच्या पिसावर येतो आणि ते खाली ओढलं जातं. दोरी सोडून बघा, पीस आडवं झालं तर कारण तेच. सगळ्या पिसांचा भार एकट्या बाहेरच्यावर टाकायची गरजही नाही. कोपरापासूनच्या सातव्या-आठव्या पिसाच्या देठामागे दांडीवर लाकडाची छोटी खुंटी ठोका, म्हणजे ते पीस ४५ अंशाच्या आत फिरणारच नाही. मिटताना खुंटी आड येत नाही ना, तेवढं फिरवून बघा. भार दोघांत वाटला जातो.

पडद्यामागे

एसटीत अ आणि ड चे बोल्ट काढून पंख पाटापासून वेगळे करा, मिटलेल्या पंखाची लांबी मीटरच्या थोडी वर भरते. दोन पंख पाठीला पाठ लावून जुन्या चादरीत गुंडाळा, दोन्ही बाजूंना एकेक कमची बांधा आणि मागच्या सीटवर उभे धरून न्या. टपावर देऊ नका. नट-बोल्ट-वायसर एका डबीत, जादाचे चार नायलॉक आणि दहा नंबरचे दोन पाने सोबत. मोटरसायकलवर मागे धरून न्यायचा विचार असेल तर सोडा, वाऱ्याने पहिले पिसं जातात आणि मग मागचा माणूस.

कमची

मीटरभर लांब पण सामान बारीक आहे म्हणून चादरीच्या आत वाळलेलं तणस भरू नका, धूळ पिसांच्या चिरांत बसते ती निघत नाही. मॅटचे उरलेले तुकडे आहेत ना, ते भरा.

चुलबंद_काठ

दोरी सगळीकडे ५ सेंमीच बांधली होती. टोकाकडे साडेसात केली, आठव्या पिसाला खुंटी ठोकली. आता ५-७ अंशाचा झोल आहे, तेवढा चालतो. दुसऱ्या पंखाच्या कमच्या बोरॅक्समध्ये टाकल्या आहेत.

टाके_उसवण

५-७ अंश राहू द्या. रंगाचे हात चढले की फोम थोडा ताठ होतो आणि थोडा जडही, तेव्हा दुसऱ्या पंखाची दोरी रंग वाळल्यावरच बांधा आणि दोन्ही पंख एकदम टांगून शेजारी-शेजारी जुळवा. एकेक पंख वेगळा जुळवला तर कधी जुळत नाहीत.